वाक काढलेली नाणी

२ सप्टेंबर १९८४, रविवार

आलो एकदाचा ब्रॅक्सबीला, आणि आज मी खूष आहे. घर म्हणजे पूर्वी शेतगड्यांसाठी बांधलेलं दोन खोल्यांचं खुराडं, पण छप्पर गळत नाही आणि मोठी खिडकी उत्तरेला आहे. नाणी पाहायला उत्तरेचाच उजेड लागतो. उन्हात सगळीच चांदी सुंदर दिसते आणि माणूस फसतो. खिडकीशी टेबल लावलं, त्यावर तराजू, दोन भिंगं, सूचिपुस्तकं आणि मखमलीचे ट्रे मांडले. संध्याकाळपर्यंत खोलीला कामाची कळा आली.

घरमालकीण डोरीन गॅदरकोल, लगतच्या फार्मवर एकटी राहते. अडुसष्ट वर्षांची विधवा. अजून ट्रॅक्टर स्वतः चालवते, आणि गमबूट घालून पोलीस शिपायासारखी ताठ चालते. चहा आणि मनुकांचा केक घेऊन आली होती. लंडनमधलं लिलावघर सोडून इकडे चिखलात काय करायला आलात, असं तिनं विचारलं. हवापालट, असं मी सांगितलं.

खरं उत्तर असं की इथे नॉरफोक परगण्यातल्या प्रत्येक तिसऱ्या गड्यानं हल्ली ते जमिनीतला धातू शोधायचं यंत्र घेतलंय. काठीच्या टोकाला थाळी, कानाला हेडफोन, आणि रविवारभर हे लोक कापणी झालेल्या शेतांतून गायींसारखे मान खाली घालून फिरतात. यंत्र किणकिणलं की खणतात. जे सापडेल ते बिस्किटांच्या डब्यात टाकतात. त्या डब्यांत काय आहे हे त्यांतल्या एकालाही कळत नाही. मला कळतं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावानं नाण्यांच्या किमती ठरवल्या. आता आपल्या नावानं ठरवीन.

९ सप्टेंबर, रविवार

गावच्या सभागृहात आज पहिला 'किंमत सांगण्याचा' दिवस ठेवला. फुकट. फुकट म्हटल्यावर सगळे आले.

काय एकेक नग होते. एकानं सैनिकाच्या कोटाचं बटण आणलं आणि ते रोमन सम्राटाचं म्हणून भांडला. एका बाईनं शिशाचं बदक आणलं. मी प्रत्येकाला मोठ्या आवाजात खरं काय ते सांगितलं, म्हणजे मागच्यांचा वेळ वाचावा. दोन-तीन जण आपला डबा न उघडताच परत गेले. बरंच झालं.

विल्फ लार्टर नावाचा एक निवृत्त ट्रकवाला आला. लालबुंद चेहरा, तोंड सतत सुरू. मला 'लंडनसाहेब' म्हणतो. त्याची बायको ईनिड मागच्या हिवाळ्यात गेली, आणि तिच्या गळ्यातलं नाणं त्यानं आधी पुढे केलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यानं स्वतः खणून काढलेलं, भोक पाडून साखळीत घातलेलं. रोमन सोनं, तो म्हणाला. मी भिंगही लावलं नाही. पितळेचा बिल्ला होता, पत्ते खेळताना पैशांऐवजी मांडतात तो. मी म्हणालो की तुमच्या बायकोनं एवढी वर्षं जुगाराच्या अड्ड्याचा ठोकळा गळ्यात मिरवला. सभागृह हसलं. लार्टरही हसला, पण नाणं खिशात घालायला त्याला जरा वेळ लागला.

मग त्यानं तंबाखूचा डबा उघडला, आणि माझं हसणं थांबलं.

तीसेक नाणी. चांदीची, हातानं ठोकून पाडलेली, बारीक. बहुतेक एडवर्ड पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या पेन्या, काही ग्रोट म्हणजे चार पेन्यांची मोठी नाणी, आणि एक स्टीफन राजाची पेनी, तीही इथल्याच थेटफर्डच्या टांकसाळीची. पण सगळी वाकलेली. एकूणएक. काही मधोमध दुमडलेली, काही शेवेसारखी वळलेली. विल्फच्या मते नांगरानं वाकवली. मी मान हलवली. नांगर असं करत नाही. नांगर नाणं ओरबाडतो, तोडतो. ही माणसांनी वाकवलेली होती, दोन्ही अंगठे लावून, सावकाश.

सगळी डोरीनच्याच एका शेतात सापडली, जिथे पूर्वी कधी एका संताचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर होतं. आता तिथे बीट पिकतं.

१२ सप्टेंबर

डबा विकत घेतला. एकशे दहा पौंडांत, सगळा. विल्फनं जमिनीची मालकीण म्हणून डोरीनला अर्धे दिले, आणि दोघं खूष आहेत.

हिशोब सोपा आहे. लंडनच्या टांकसाळीची, अक्षरं वाचता येणारी, राजाचा चेहरा शाबूत असलेली एडवर्डची पेनी पंधरा पौंडांना जाते. तीच वाकलेली असली तर चार, कारण संग्राहकाच्या ट्रेमध्ये ती सपाट बसत नाही. ग्रोट चाळीसचा दहा होतो. स्टीफनची ती पेनी वाकलेली म्हणून मी पंचवीसला धरली. सपाट असती तर दोनशेला कुणी घासाघीस केली नसती. म्हणजे किंमत चांदीत नाही, राजातही नाही. वाक किंमत खातो. वाक काढला की किंमत परत येते.

आणि वाक काढणं मला येतं. स्पिरिटच्या दिव्यावर नाणं जरा तापवायचं, चांदीचा कडकपणा गेला की आतून चामडं लावलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांत धरून हळूहळू दाबायचं. घाई केली तर तुटतं. जुनी चांदी आतून बिस्किटासारखी झालेली असते. नीट केलं तर भिंगाखाली फक्त एक केसासारखी रेघ दिसते, तीही माहिती असणाऱ्याला.

ही नाणी का वाकवत हेही मला ठाऊक आहे. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचा पाय वाकडा झाला, की आई किंवा बाप त्या माणसाच्या अंगावर एक पेनी धरून वाकवायचा, म्हणायचा की हा बरा झाला तर ही पेनी संताला देईन. मग चॅपलच्या दारात ठेवून यायचा. वाकवलेलं नाणं बाजारात चालत नाही, म्हणजे नवस मोडता येत नाही, ही त्यांची अक्कल. शेकडो वर्षांपूर्वीचे अडाणी लोक. वैद्याला द्यायचे पैसे दगडाच्या मूर्तीपुढे टाकत होते.

१५ सप्टेंबर

सरावासाठी डब्यातलं सगळ्यात टाकाऊ नाणं घेतलं. जुन्या पेन्यांमध्ये एक सहा पेनीचं नाणंही होतं, १९१९ सालचं, तसंच वाकवलेलं. विल्फनं फुकटात टाकलेलं. म्हणजे आमच्या शतकातही हा गाढवपणा चालू होता. चांदी चांगली, लवचीक. दिव्यावर धरलं, ठोकळ्यांत घातलं, दाबलं. शेवटी 'टिक्' असा बारीक आवाज आला आणि ते सपाट झालं. झकास.

हात बसला. उद्यापासून पेन्या.

१७ सप्टेंबर

सकाळी डोरीन अंगणात पडली. मी खिडकीतून पाहिलं. कोंबड्यांना दाणे टाकत होती, आणि चालता चालता तिचा डावा पाय आत वळला. म्हणजे अडखळली नाही, घसरली नाही; पाऊल पुढे टाकलं आणि ते आडवं पडलं. डॉक्टरनं नेलं, क्ष-किरण काढले. हाड मोडलेलं नाही. तरी पाऊल आतल्या बाजूला वळलंय आणि सरळ होत नाही. या वयात असं होतं म्हणे.

आता दुधासाठी मला दूधवाला लावावा लागेल.

पाच पेन्या सरळ झाल्या. स्टीफनची सर्वांत शेवटी घेईन.

२४ सप्टेंबर

लंडनहून डॅशवुडचा फोन आला, फार्मवर. डोरीननं खिडकीतून हाक मारून मला बोलावलं, अंथरुणातूनच. डॅशवुड नाण्यांचा व्यापारी, माझा जुना ओळखीचा, कंजूस. पहिला हप्ता पाठवला होता, बारा पेन्या. त्याला रेघा दिसल्या नाहीत. पूर्ण भाव देतो म्हणाला, आणखी आहेत का विचारलं. मी म्हटलं, आहेत. फोन ठेवल्यावर एकटाच हसलो.

डोरीन म्हणाली की हसायला काय झालं, आम्हालाही सांगा. मी सांगितलं नाही. तिचा पाय चादरीबाहेर होता. लहान मुलाच्या मुठीसारखा आवळलेला. मी दुसरीकडे पाहिलं.

उजव्या हाताची करंगळी सकाळपासून वळलेली आहे. ठोकळे दाबून दाबून अवघडली असणार.

२९ सप्टेंबर

करंगळीबरोबर तिच्या शेजारचं बोटही. दोन्ही तळहाताकडे वळलीत आणि डाव्या हातानं ओढूनही सरळ होत नाहीत. दुखत नाहीत, हे विशेष. गावचा डॉक्टर संधिवात म्हणाला, मग माझं वय विचारून स्वतःशीच मान डोलावली. असल्या खेड्यात डॉक्टर होऊन राहणारा माणूस हुशार असता तर लंडनला असता.

तरी काम थांबवलेलं नाही. तीन बोटांनीही ठोकळे दाबता येतात. आज चार पेन्या आणि एक ग्रोट. प्रत्येकाचा तो शेवटचा 'टिक्' आता मला आधीच कळतो, थोडासा दाब वाढतो आणि—

काल रात्री झोपताना तसाच आवाज आला. बोटातून.

४ ऑक्टोबर

हात आता पूर्ण वळलाय. पंजा वर, बोटं आत, जणू खळग्यात काहीतरी धरलंय. हसू येतं, कारण हा आकार मी ओळखतो. चर्चच्या दाराशी बसणाऱ्यांच्या हाताचा असतो तो.

पोस्टात तिकिटं घ्यायला गेलो. रांगेतल्या एका बाईनं माझ्याकडे न पाहताच माझ्या हातात दहा पेन्स ठेवले आणि पुढे गेली. मी तिला हाक मारून परत देणार होतो. बोटं मिटली. मी मिटवली नाहीत. त्यांनी नाणं घट्ट धरलं आणि सोडेनात.

घरी येऊन टेबलाच्या कडेवर हात आपटला तेव्हा सुटलं.

डावा पायही सकाळपासून ओढल्यासारखा वाटतो. म्हणून दुपारी रस्त्यानं चालून पाहिलं. लंगडत होतो, पण सफाईनं. नवीन लंगड्यासारखं नाही. कुठे टेकायचं, कुठे अंग तोलायचं हे पायाला माहीत होतं. जणू तो चाळीस वर्षं लंगडतोय.

६ ऑक्टोबर

विल्फ आला. टोपी काढून दाराशी उभा राहिला, बसला नाही. माझ्या हाताकडे पाहून शिट्टी वाजवली आणि म्हणाला, "लंडनसाहेब, तुमचीही गाडी रुळावरून घसरली की."

मग कामाचं बोलला. डब्यात सहा पेनीचं एक नाणं होतं, १९१९ सालचं, ते परत हवंय. डोरीनचं आहे. ती जन्मली तेव्हा तिचा डावा पाय आत वळलेला होता. तिसऱ्या वर्षापर्यंत चालत नव्हती. तिच्या आईनं कोरं करकरीत सहा पेनीचं नाणं तिच्या पावलावर धरून वाकवलं आणि चॅपलच्या शेतात पुरलं. पाय सरळ झाला. डोरीननं हे त्याला पूर्वी सांगितलं होतं, पण मेंदूची चाळणी झालेली, त्यानं नाणं पाहिलं तेव्हा आठवलं नाही. आता डोरीननंच विचारलं, की विल्फ, तू माझ्या शेतातून सहा पेनीचं नाणं उचललंस का रे.

मी विचारलं, मग? विल्फनं खांदे उडवले. डोरीन म्हणते की वाक नाण्यात ठेवलेला असतो. काढला की त्याला कुठेतरी जावंच लागतं. ज्याचा असतो तो माणूस जिवंत असेल तर त्याच्याकडे जातो.

मी खूप हसलो. सरकारी इस्पितळ, क्ष-किरण, ट्रॅक्टर, आणि तरीही हे. मी म्हटलं की नाणं आता माझं आहे. हवं असेल तर विकत घ्या. चांदीच्या भावानं आणि थोडा नफा. दोन पौंड.

विल्फनं दोन पौंड टेबलावर ठेवले. मी नाणं दिलं. त्यानं ते उजेडात धरलं, सपाट झालेलं पाहिलं आणि रुमालात गुंडाळून खिशात घातलं.

तो गेल्यावर बसून हे लिहितोय. डाव्या हातानं. त्या सहा पेनीचा वाक डोरीनकडे गेला, असं ते म्हणतात, कारण ती जिवंत आहे. बाकीच्या नाण्यांचे धनी शेकडो वर्षांपूर्वी मेले. मग त्यांचा

मूर्खपणा आहे. त्यांच्यात राहून मलाही लागला.

९ ऑक्टोबर

खिडकीतून पाहिलं. डोरीन अंगणात उभी होती. काठी नाही. गमबूट घातलेले. दाणे टाकत इकडून तिकडे, तिकडून इकडे चालली, ताठ.

विल्फ कुंपणावर टेकून तिच्याकडे बघत होता. नंतर त्यानं दाराशी येऊन सांगितलं, मी विचारलं नव्हतं. रविवारी दुपारी तिच्या पलंगापाशी बसला, नाणं तिच्या पावलावर धरलं आणि म्हणाला की हिला बरं वाटू दे. बस्स एवढंच. अंगठे लावले तर कोमट मेणासारखं वाकलं, साहेब. मलाच भीती वाटली.

मी दार लावून घेतलं.

माझी मान डाव्या खांद्याकडे झुकलीय. आरशात पाहिलं. तो भाव माझा नाही. तिरका, खालून वर बघणारा, कुणीतरी काहीतरी देईल अशी वाट पाहणारा.

११ ऑक्टोबर

सरळ केलेल्यांपैकी सात शिल्लक आहेत, स्टीफनचीही त्यांत. तीही मी परवा केली, दोनशे पौंड म्हणून. बाकी सगळी लंडनला.

डॅशवुडला फोन केला, परत पाठव म्हणालो. विकली म्हणाला. एक अमेरिकेला, काही डेन्मार्कला. मी किमती दुप्पट देतो म्हणालो. तो हसला. मी त्याच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

मग पेनी घेतली. एडवर्डची, चांगली. वाकवायला गेलो, मूळ होती तशी. दिव्यावर धरली, सावकाश. तुटली. दोन तुकडे. दुसरी— तुटली. एकदा सरळ केलेली चांदी पुन्हा वाकत नाही. मला हे माहीत होतं. या धंद्यातलं पहिलं हेच शिकवतात.

स्टीफनचीही तुटली. तुकडे ट्रेमध्ये आहेत. किंमत शून्य.

तुटताना प्रत्येक वेळी पाठीत

१४ ऑक्टोबर

पाठ. सकाळी उठलो तर छाती गुडघ्यांकडे. टेबलाची कड हनुवटीला लागते, असा लिहितोय.

विल्फला निरोप पाठवला, दूधवाल्याबरोबर. तो आला. मी विचारलं— मला विचारावं लागलं— की डोरीनसाठी केलं ते माझ्यासाठी करशील का. पैसे देतो म्हणालो. तो म्हणाला पैसे नकोत. ईनिड ख्रिसमसच्या पुडिंगमध्ये शकुनासाठी घालायची ते सहा पेनीचं नाणं घरी आहे, जुनं, चांगल्या चांदीचं. तेच घेऊन आला.

माझ्या पाठीवर धरलं. म्हणाला, "याला बरं वाटू दे." अंगठे लावले. नाणं वाकलं नाही. पुन्हा लावले. चेहरा लाल झाला. मग खिशातून पक्कड काढली. पक्कड नाण्यावरून घसरली, ओरखडा पडला. नाणं तसंच.

बराच वेळ त्यानं प्रयत्न केला. मी त्याचे श्वास ऐकत होतो. शेवटी माझ्यासमोर उकिडवा बसला, कारण मला मान वर करता येत नाही, आणि म्हणाला,

"साहेब, मी खरंच केलं. मनापासून करायला गेलो. पण दर खेपेला ईनिडचा तो बिल्ला आठवतो. सगळे हसले तो. मी पण हसलो, हो ना? घरी जाऊन तो तिच्या फोटोपुढे ठेवायला मला लाज वाटली. तुमचं बरं व्हावं असं म्हणतो, आणि आतून ते होत नाही. माफ करा."

मी म्हटलं की गावात दुसरं कुणी? तो विचार करत राहिला. एकेक चेहरा आठवत असावा. मग टोपी घालून गेला.

बटण, बदक, न उघडलेले डबे. कुणाचंही नाव मला माहीत नाही.

१६

दुसरे आहेत. माझ्यात. त्यांना सवय आहे, मला नाही. रांगताना कुठे हात टेकायचा ते सांगतात. सकाळी तोंडातून एक नाव येत होतं, जुन्या धाटणीचं, संताचं असावं. मी म्हणत नव्हतो. ते म्हणत होते. नवस त्यांचा होता, फिटला होता, ते चालत होते, सरळ. आणि मी—

पंधरा पौंड. पंधरा पौंडांना एक.

१७

जबडा. डावीकडे सरकला. जीभ लागत नाही. दूधवाला आला, हाक मारली, आवाज जनावराचा. तो बाटली ठेवून पळाला.

बोटं दोन उरली आहेत. पेन्सिल दोनांत धरता येते.

१८

कुणी यायचं नाही

१९

डोरीन आली आहे. दारातून पावलं ऐकू आली, दोन्ही सारखी. माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मला पाहून किंचाळली नाही. केस मागे सारले, लहान मुलाचे सारतात तसे. म्हणाली, काय रे बाबा हे काय करून घेतलंस.

हातात नाणं आहे. तिचं स्वतःचं नाही. दुसरं. विल्फचं, पुडिंगमधलं, पकडीचा ओरखडा आहे.

करते म्हणाली. पण तिलाही जड जातंय. खोटं बोलत नाही. म्हणते मला धरायला काहीतरी दे. नाणं वाकवताना मनात धरायला. एकच पुरे. कुणासाठी तरी केलेलं, काही न घेता. लहानसं चालेल.

सांगता येत नाही. जबडा. खूण केली, कागद. तिनं ही वही पुढे ओढली, पेन्सिल बोटांत दिली. वाट बघतेय. अंगठे नाण्यावर ठेवलेत. घाई नाही म्हणते. आठव.

आठवतोय. डोरीन, थांब. आहे. असणारच. लिहितो. एकदा मी